रेडी म्हणायच्या आधी

फोटो काढणाऱ्यानं बटण दाबायच्या आधी 'रेडी' म्हणावं, यात वाईट काही नाही. माणसं सावध होतात, पोट आत घेतात, पोरं नाकातलं बोट काढतात. पण समोर माळावरचं पाखरू असेल, दोन तास उन्हात पालथं पडून राहिल्यावर ते एकदाचं जवळ आलं असेल, आणि ऐन वेळेला एखादा माणूस शिवारभर ऐकू जाईल अशा आवाजात "हंऽऽ, रेडीऽ!" म्हणत असेल, तर त्याला काय म्हणायचं? आमच्या बेंबळी गावानं त्याला रेडीमामा म्हटलं.

मामांचं खरं नाव भानुदास. त्यांचा स्टुडिओ आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात भिंत एकच. मी गिरणी चालू केली की त्यांचा आरसा थरथरतो. माझं पीठ कुठल्या फटीतून जातं देव जाणे, पण ते त्यांच्या काळ्या पडद्यावर जाऊन बसतं. यावरून आमची वीस वर्षं भांडणं चालू आहेत. गिरणीमुळं मला मोठ्यानं बोलायची सवय. मी नुसतं "या, चहा घ्या" म्हटलं तरी रस्त्यावरच्यांना वाटतं, यांची आज परत जुंपली.

मामांनी उभा जन्म लग्नाचे फोटो काढले. तुळजापूर असो, उमरगा असो, वरातीपुढं उलटं चालणारा माणूस म्हणजे मामा. आता लग्नात प्रत्येकाच्या हातात फोन असतो. मामांकडं उरलं काय, तर शाळेच्या दाखल्याचे आणि फॉर्मावर चिकटवायचे फोटो. बाकीचा सगळा जीव पाखरांत. पण सवय जाते कुठं? माळावर पालथं पडून हा माणूस चंडोलाला सांगतो, "नवरदेव, मान सरळ. हनुवटी जरा खाली. तिकडं कुटं बघताय, करवल्या हिकडं हायत!" इथपर्यंत पाखरू ऐकून घेतं. मग येतो तो 'रेडी'. पाखरू भुर्र.

त्यामुळं मामांच्या संग्रहात पाखरं कमी आणि दगड जास्त. मला बोलावून कौतुकानं दाखवतात, "ह्यो बघा, भारी आलाय का न्हाय?"

"मामा, नुसता दगड दिसतोय."

"आता न्हाय तिथं. पन व्हता! काय ऐट व्हती म्हणून सांगू!"

आणि इतकं रंगून सांगतात की दोन मिनिटांनी आपल्याला त्या दगडावर खरंच पाखरू दिसायला लागतं. मग आपलाच आपल्याला राग येतो आणि आपण गिरणीत परत येतो.

एक फोटो मात्र झकास होता. स्टुडिओत शिरलं की समोरच्या भिंतीवर मोठ्या फ्रेममध्ये. टिटवीपेक्षा बारकं, उंच पायांचं पाखरू. छाती विटकरी, डोळ्याला काजळाची रेघ पार मानेपर्यंत ओढलेली. हे उडण्यापेक्षा पळतं जास्त. दहा पावलं पळणार, थांबणार, छाती काढून बघणार, पुन्हा पळणार. मामा त्याला धाविक म्हणतात. आम्ही आपलं 'ते पळणारं पाखरू' म्हणायचो.

गंमत म्हणजे या फोटोला हार असायचा. दर मंगळवारी ताजा, झेंडूचा. खाली उदबत्ती. फोटो काढायला आलेली माणसं गोंधळून जायची. गावात यावर चेष्टा चालायची, आणि मी त्यात मागं नव्हतो. एकदा भर गिऱ्हाइकांत मी विचारलं होतं, "काय मामा, पाखराचं तेरावं उरकलं, आम्हाला आवतण न्हाय?" सगळे हसले. मामाही हसले.

शकूमामींना, म्हणजे मामांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. त्या होत्या तोवर माळावर दोघं जोडीनं जायचे. पुढं कॅमेरा घेऊन मामा, मागं भाकरीचं फडकं घेऊन मामी. मूलबाळ नव्हतं. आम्ही म्हणायचो, म्हातारा-म्हातारी चालले फिरायला. त्या गेल्यापासून मामा एकटेच जातात. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली, ती अशी की या तीन वर्षांत त्यांना एकही पाखरू मिळालं नव्हतं. एकही नाही. निव्वळ दगड.

तर यंदाच्या उन्हाळ्यात काय झालं, माळाला माझं चार एकर रान आहे, त्याची नांगरट करायची होती. ट्रॅक्टरवाल्याच्या मी आठ दिवस मागं लागलो होतो. शेवटी त्यानं परवा सकाळी येतो म्हणून शब्द दिला, आणि त्याच दिवशी मामा पळत गिरणीत आले. धापा टाकत म्हणाले, "बालाजीराव, गिरणी बंद करा. तुमच्या रानात बाळंतीण हाय."

मी म्हटलं, कुणाची तरी लेक अडली. तसाच पिठानं माखलेला गाडीवर बसलो. रानात पोचल्यावर मामा म्हणाले, "थांबा! पाय उचलू नका. तुमच्या डाव्या चपलंपास्नं चार बोटं."

मी बघतोय, खडे. मामा बोट दाखवतायत, मी पुन्हा बघतोय, पुन्हा खडेच. मग त्यातले दोन खडे गोल वाटायला लागले. अंडी! ना काडी, ना घरटं, नुसती मोकळ्या जमिनीवर घातलेली. लांबवर ते धाविक पाखरू पळत होतं, थांबत होतं, आमच्याकडं बघत होतं.

"आठ-धा दिस," मामा म्हणाले. "पिल्लं निघू द्या. मग खुशाल नांगरा."

माझं डोकंच फिरलं. "मामा, बाळंतीण म्हणून मला आणलं? अर्धं दळण तसंच टाकून आलोय मी! ट्रॅक्टर परवा आहे. परवा चुकला तर तो पुन्हा कधी येईल त्याचा नेम नाही. अंडी उचला आन् बांधावर ठेवा, सोपं आहे."

"पाळन्यातलं लेकरू उचलून तुमी गटारीच्या कडंला ठेवता व्हय?"

"माझं रान, माझा ट्रॅक्टर! मी नांगरणार!"

मामा बांधाकडं चालायला लागले. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं, मी जिंकलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं स्टुडिओत गेलो. आज निकाल लावून टाकायचा. मामा स्टुलावर उभे राहून त्या फोटोचा हार बदलत होते. मंगळवार होता. मी म्हटलं, "जिवंत माणसाच्या अडचणीचं काय न्हाय, आणि पाखरांना हार! मामा, हे येड्याचं लक्षण आहे."

मामा स्टुलावरून उतरले. मला हाताला धरून फोटोपुढं उभं केलं. म्हणाले, "पाखरू बघू नका. त्याच्या मागं बघा."

पाखरामागं काय, माळ. पिवळं गवत. त्यात एक हिरवा पुसट धब्बा. मी इतकी वर्षं ते झुडूप समजत होतो. नीट बघितलं तर झुडपाला डोकं होतं. हिरव्या लुगड्यातली एक बाई लांबवर उकिडवी बसली होती, आणि तिचा एक हात तोंडावर होता.

"शकू," मामा म्हणाले.

मी फ्रेमच्या आणखी जवळ गेलो.

"माजी सवय तुमाला ठावं हायच. ती शेजारी बसायची, आन् पाखरू टप्प्यात आलं की माज्या तोंडावर पदर दाबून धरायची. म्हून फोटू यायचे. त्या दिशी ती लाकडं येचाया पल्याड गेली, आन् पाखरू आलं दोघांच्या मधी. आता तोंड कोन धरनार? तर तिनं तिकडनंच बोट दाखवलं, गप! म्या गप बसलो. त्यो ह्यो फोटू."

मी चाचरत विचारलं, "मामींचा दुसरा चांगला फोटो नाही?"

"साऱ्या दुनियेचे काढले. तिचा काढाया गेलो की म्हणायची, आदी गिऱ्हाइकाचं बघा, मी कुटं पळून चाललीय? लग्नाचा हाय, त्यात मान खाली. आधार कार्डावरला हाय, त्यात ती कुनाचीबी बायको वाटतीय." मामांनी हाराचा एक सुटलेला झेंडू नीट केला. "ह्यात ती माजी हाय. ही जागा तुमच्याच रानातली, बालाजीराव."

पाखराचं तेरावं! भर गिऱ्हाइकांत मी ते बोललो होतो, आणि हा माणूस आमच्याबरोबर हसला होता. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी तिथून निघून आलो.

ट्रॅक्टर ठरल्या दिवशी आला. मी ड्रायव्हरला सांगितलं, खळ्याएवढी जागा मधी सोडायची, बाकी नांगरायचं. तो म्हणाला, "का हो, तिथं देव हाय का?" मी म्हटलं, "आहे समज." मामा ट्रॅक्टरपुढं उलटं चालत होते, दोन्ही हात वर करून, वरातीत चालतात तसे, आणि ड्रायव्हरला सांगत होते, "हं, हळू. नवरदेवाला घाई नसावी." ढेकळांत दोनदा पडले. पण खळ्याएवढा तुकडा जसाच्या तसा राहिला. ट्रॅक्टर गेला, आम्ही बांधामागं सरकून दम धरून बसलो, आणि बऱ्याच वेळानं ते पाखरू पळत, थांबत, पळत आलं आणि अंड्यांवर बसलं. मामांनी मला कोपरानं ढोसलं. खरं सांगतो, मीही त्यांना ढोसलं.

पुढचे आठ-नऊ दिवस मामा बांधावरच. उन्हासाठी लग्नातली लाइटची पांढरी छत्री लावून बसायचे. तिच्यातून ऊन आरपार येतं. पण ऐकतंय कोण!

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. नुसते "निगाली" एवढंच म्हणाले. मी गिरणी पुतण्यावर सोपवली आणि गेलो. मातीच्या रंगाची दोन पिल्लं, बोराएवढी, पायच पाय नुसते. आईच्या मागं पळत होती. मामा पालथे पडले, कॅमेरा डोळ्याला लावला. मी बाजूला. पाखरू वळलं, पिल्लं शेजारी येऊन उभी राहिली, आणि मामा म्हणाले, "हंऽऽ, रेडीऽ!"

गेलं! आई तिकडं पळाली, पिल्लं मातीत दबली ती दिसेनात.

मामांनी कपाळ जमिनीला टेकवलं. असे पडून राहिले की मला वाटलं आता रडतात. मला चिडायला हवं होतं, पण चिडता येईना. शेजारी बसून त्यांच्या तोंडावर हात धरणं काही मला जमणारं नव्हतं. मी उठलो, लांबून मोठा वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूला ढेकळांत जाऊन उकिडवा बसलो. गुडघे ठणकायला लागले. खूप वेळ गेला. आई परत आली. हाक मारली तशी पिल्लं उठली. तिघं मामांच्या आणि माझ्या मधोमध थांबली.

लांबून मला मामांचं तोंड उघडताना दिसलं. मी तोंडावर बोट ठेवलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं. तोंड मिटलं. आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी दळण घालत होतो तर मामा फ्रेम घेऊन आले. ज्याच्या रानातलं पाखरू त्याला एक प्रत, असा त्यांचा नियम. भिंतीवरच्या त्या एका फोटोची तेवढी प्रत त्यांनी मला दिली नव्हती, आणि गेली तीन वर्षं तर नियम पाळायची वेळच आली नव्हती. फोटोत आई छाती काढून उभी, पायाशी दोन पिल्लं, आणि मागं काळ्या ढेकळांत एक पांढरा धब्बा.

"हे मागं पांढरं काय?" मी विचारलं.

"तुमी. रानात येताना तरी पीठ झटकावं मानसानं."

"आता ह्याला हार घालू नका म्हणजे झालं."

मामा हसले. मग गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "बालाजीराव, काल लई दिसांनी कुनी तरी मला गप म्हटलं. घरात बोलतोच म्या, भांड्यांसंगं बोलतो, भिंतीसंगं बोलतो. दिसभर बोललो तरी गप म्हणनारं कुनी न्हाय."

मी चहावाल्याला हातानं दोनची खूण केली. मग नेहमीच्याच मोठ्या आवाजात मी ओरडलो, "गप बसा मामा, चहा येतोय!"

मामा गप बसले. लई समाधानानं बसले.