वीस बैठका, घरच्या घरी

कोणत्याही कामावर पुरेशा बैठका घेतल्या की ते काम करण्याची गरज उरत नाही, हे कार्यालयीन जीवनातले सर्वमान्य सत्य आहे. ते व्यायामालाही लागू पडते, हे सिद्ध करण्याचा मान मात्र एका हेडक्लार्कसाहेबांकडे जातो.

साहेबांची अडचण खरी होती. त्यांची लेक समोरच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. तिला नऊ महिन्यांची मुलगी होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच साहेबांना धाप लागायची आणि गुडघे राजीनामा पुढे करायचे. नात खाली यायची ती झोपलेली. तिचे रांगणे, डबे वाजवणे वगैरे पराक्रम वरच घडायचे. (जागेपणी तिने आजोबांना फक्त गॅलरीतून पाहिले होते. तिच्या लेखी आजोबा म्हणजे एक टक्कल.) साहेबांचा जीव तुटायचा.

शेवटी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: ‘रोज वीस बैठका. घरीच. कसलीही साधने नकोत.’

साहेबांचा चेहरा उजळला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बैठकांशिवाय दुसरे काही केलेच नव्हते.

दुसऱ्याच सकाळी पहिली बैठक झाली. अध्यक्ष स्वतः साहेब; सदस्य त्यांची बायको आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई. विषय: साहेबांचे पोट. (साधने नकोत म्हणून पंखाही बंद ठेवला. घाम आला, तो ‘प्रगती’ या रकान्यात नोंदवला.) पोट कमी करण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली, गुडघ्यांकडून लेखी खुलासा मागवण्यात आला आणि पुढची बैठक दहा मिनिटांनी ठरली.

पहिल्या महिन्यात सहाशे आठ बैठका पार पडल्या. बारा रद्द झाल्या, कारण आईंचा डोळा लागला होता. अध्यक्ष आले की सदस्यांनी उठून उभे राहायचे, ते बसले की बसायचे, असा शिस्तीचा नियम होता. परिणामी बायकोचे वजन चार किलो उतरले आणि आईंनी काठी माळ्यावर टाकली. बिस्किटांचा मान अध्यक्षांचा असल्यामुळे साहेबांचे वजन दोन किलो वाढले. तरी कुटुंबाची एकूण घट समाधानकारक होती, असा अहवाल त्यांनी तयार केला.

“बैठका चालू आहेत ना?” डॉक्टरांनी विचारले.

“एकही चुकवली नाही. इतिवृत्त आणलंय.”

डॉक्टरांनी चार पाने वाचली, चष्मा काढला आणि टेबलासमोर येऊन एक बैठक मारून दाखवली.

साहेबांनी ती लक्षपूर्वक पाहिली. “ठीक आहे,” ते म्हणाले, “पुढच्या बैठकीत विषय ठेवतो.”

हे ऐकून सोबत आलेल्या बायकोने कपाळाला हात लावला. पण तीही तीस वर्षे हेडक्लार्कची बायको होती.

“अहो, उद्याची बैठक लेकीकडे. चौथ्या मजल्यावर.”

“अगं, मी कसा चढणार?”

“नका येऊ. सासूबाई अध्यक्ष होतील.”

हे मर्मावर बोट होते. साहेब निघाले. पहिल्या मजल्यावर कठडा धरला, दुसऱ्यावर पायरीवर बसले, तिसऱ्यावर सभा तहकूब केली. पंचेचाळीस मिनिटांनी ते लेकीच्या दारात पोचले, तेव्हा आई खुर्चीत बसून कामकाज चालवत होत्या.

नात रांगत आली. तिने आजोबांची दोन बोटे पकडली, उभी राहिली, धपकन बसली, पुन्हा उभी राहिली. बोटे काही सोडेना. त्यामुळे साहेबांनाही तिच्याबरोबर खाली-वर व्हावे लागले. ती खिदळत होती, साहेब धापा टाकत मोजत होते. सात झाल्या. इतका आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

या बैठकीचे इतिवृत्त आईंनी लिहिले असून उपस्थितांच्या यादीत शेवटी वाचकांचीही नोंद आहे: पहिल्यापासून अखेरपर्यंत हजर, जागचे एकदाही उठले नाहीत.