गोगट्यांना झोप येते तेव्हा

गोगट्यांना भीती वाटली की झोप येते. तुमच्याआमच्या छातीत धडधडतं, तळहात ओले होतात. गोगट्यांची मान खाली पडते. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये आमची घरं एकाच जिन्यावर आणि नोकरीही एकाच कंपनीत, त्यामुळे हा प्रकार मी पुष्कळदा पाहिला आहे.

व्हिसा वाढवायला गेले, तिथल्या बाकावर झोपले. कंपनीत माणसं कमी करणार म्हणून बोलावलेल्या बैठकीत झोपले. जाग आली की एकच शब्द, तोही मोठ्याने: "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर'. त्या दिवशी साहेब नेमके म्हणत होते, की काहींना जावं लागेल. जर्मन सहकारी अजून कौतुक करतात, केवढा थंड डोक्याचा माणूस!

डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, की ताण आला की कुणाचं शरीर लढायला उठतं, कुणाचं पळायला. तुमचं दिवे मालवून घेतं. "आल्झो, म्हणजे थोडक्यात, आमच्याकडे लोडशेडिंग असतं," गोगटे सांगायचे. मी हसायचो, पण मनातून पटलं नव्हतं. या माणसाला कशाचंच काही वाटत नाही, असं मी धरून चाललो होतो.

मग त्यांच्या बायकोचं, मेधावहिनींचं, ऑपरेशन ठरलं. पोटात गाठ होती. कसली, ते उघडल्यावरच कळणार होतं. सोबतीला मी गेलो. आत नेताना वहिनी म्हणाल्या, "अहो, मला बाहेर आणतील तेव्हा तुमचे डोळे उघडे दिसू देत. तेवढंच मागते."

गोगटे खुर्चीला शिवले नाहीत. खिशातून हिरवी मिरची काढून चावली, आणि तरीही भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगायला लागले.

"कुंटे, भांडा माझ्याशी. काहीही काढा, पण भांडा."

मला भांडता येत नाही. "तुमची सायकल जिन्यात अडचण करते," मी म्हणालो.

"हे भांडण? ही तर इमारत सांभाळणाऱ्या हाउसमायस्टरची नोटीस झाली!" डोळे पुन्हा मिटू लागले.

तेव्हा मनात कुजत पडलेलं बाहेर आलं. "माझे वडील गेले, मला तिकीट मिळत नव्हतं, आणि तुम्ही भेटायला येऊन माझ्या सोफ्यावर घोरलात! लाज नाही वाटली?"

नर्सने वळून पाहिलं. गोगटे टक्क जागे झाले होते.

"तुम्ही भिंतीवर डोकं आपटत होतात हो," ते हळूच म्हणाले. "आता तुमचं काय होणार, या भीतीने मी सोफ्यावर बसलो. पुढचं आठवत नाही."

मी त्यांचा दंड धरला.

दार उघडलं. खाटेबरोबर डॉक्टरीणबाई आल्या. गाठ साधी निघाली, म्हणाल्या. वहिनींनी गुंगीतच मान वळवली, नवऱ्याकडे पाहिलं.

"जागे आहात," त्या पुटपुटल्या. "झोपा आता."

गोगट्यांच्या गालांवरून घळघळा पाणी वाहत होतं.

"आता कुठली येतेय," ते म्हणाले.