दोन बोटांचा गियर

आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी दोन दिवस एक लोखंडी दांडा पडून होता. तो शेजारच्या देवतळे भाऊजींच्या मोटारीचा. "वैनी, थंडीनं शाफ्ट आकसते. मग त्याच्यावर गरम बेअरिंग कशी लोण्यावानी बसते पहा," असं सांगून ते ठेवून गेले. बेअरिंग त्यांच्या घरी कढईत, तेलात तापत होती. गल्लीत वास सुटला तेव्हा समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "भैया, भजिया बन रहा है क्या?"

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात आमची दोघांची भिंत एक. भाऊजी रेल्वेतून निवृत्त झालेले. मोटार जुनी, लाल, विलायती, दोनच माणसं मावणारी. आणली भाऊजींनी, पण चालवली कायम त्यांच्या बायकोनं, नलूताईंनी. त्या सदर बाजाराच्या गर्दीतूनसुद्धा अशी काढायच्या की भाऊजी शेजारी डोळे मिटून बसत. गेल्या वर्षी नलूताईंना लकवा झाला. डावं अंग गेलं. उजवा हात हलतो, पण जोर नाही. वाटी उचलतात, तांब्या उचलवत नाही. जीभ मात्र शाबूत आहे.

महिन्याभरात भाऊजींनी गियरबॉक्स उतरवला आणि जेवणाच्या टेबलावर उघडला. तेव्हापासून दोघं मांडीवर ताट घेऊन जेवतात.

"दुसऱ्यायचे नवरे बायको आजारी पडली तर पोथी वाचतात," नलूताई मला म्हणाल्या. "हे नट धुऊन राहिले."

मला वाटलं, दुरुस्त करून विकणार. मी एक गिऱ्हाईकही सुचवलं. भाऊजींनी ऐकलंच नाही. त्यांना एकच हवं होतं, गियर दोन बोटांनी पडला पाहिजे. काहून, ते सांगत नव्हते.

गियरबॉक्स जोडून झाला की त्याचा गियर टाकायचा दांडा टेबलावर उभा राही, आणि दारात येईल त्याची परीक्षा सुरू. पोस्टमन, गॅसवाला, ऑफिसातून थकून आलेली मी.

"मूठ नाही, वैनी! दोन बोटं! हापसा मारून राहिल्या काय?"

"पडला ना गियर? मग झालं, भाऊजी."

"पडला नाही. पाडला तुम्ही."

आणि पुन्हा सगळं उघडायचं. असं तीनदा झालं.

चौथ्यांदा उघडला तो दिवाळीच्या तोंडावर. आतल्या पितळी कड्या भाऊजींनी ज्या त्या गियरसमोर ओळीनं मांडल्या होत्या. कामवाली फुलबासन देवाची भांडी घासायला बसली. पितळ दिसलं, तिनं कड्याही चिंचेनं चकचकीत केल्या आणि देवासमोर नेऊन ठेवल्या. भाऊजी ओरडले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हव, मैं तो पूजा के समझ के मांज देंव."

"अवो, प्रत्येक गियरची आपली कडी असते," भाऊजी मला समजावत होते. "वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जमलेली. दुसरी घातली की अडते."

"एवढी वर्षं घासून आपलं काही अडलं नाही कधी?" नलूताई आतून म्हणाल्या.

कोणती कडी कोणाची, हे शोधायला त्यांना पंधरा दिवस लागले. एकेक कडी गियरवर बसवायची, फिरवायची, कान लावायचा. मी एकदा विचारलं, नव्या का नाही मागवत? म्हणाले, "नव्या कडक असतात. तिले नाही जमणार."

कोणाला, हे मी विचारलं नाही. गाडीला म्हणत असतील असं वाटलं.

पुढच्या महिन्यात मी नव्या रायपुरात ऑफिससमोर बसची वाट पाहत होते. तिथे रस्ते रुंद आणि बस कमी. लाल मोटार माझ्यापुढे येऊन थांबली. उजवीकडे भाऊजी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कपाळाला घाम. डावीकडे नलूताई, पट्टा बांधलेल्या.

"जागा नाही वो," नलूताई खुशीत म्हणाल्या. "मी गाडी चालवून राहिली."

"चालवतो मी," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही पाय मारा फक्त."

भाऊजींनी क्लच दाबला आणि पुढे पाहतच म्हणाले, "हं."

नलूताईंनी उजव्या हाताची दोन बोटं दांड्यावर टेकवली आणि पुढे ढकलली. गियर पडला. मोटार हलली. थोडं पुढे जाऊन आवाज बदलला. दुसरा. मग तिसरा.

माझी बस आली. कंडक्टर म्हणाला, "चलो दीदी." मी त्याला जरा थांबवलं. चौथा अजून पडायचा होता.