साताच्या पुढचा ठोका

आमच्या चौसाळ्याच्या कौसाअक्का सातापर्यंतच मोजतात. एक, दोन, तीन करत सातावर येतात आणि तोंड मिटून घेतात. विहाराच्या अंगणात आम्ही बायका त्यांच्याकडं लेझीम शिकतो. त्या गप्प होतात, नेमकी तिथंच आमची लेझीम वाजायला हवी.

"अक्का, आठ कावून म्हणत न्हाई?" मी एकदा विचारलं.

"त्यो माझा न्हाई," म्हणाल्या.



पण कान बघावेत तर या बाईचे. एकदा आम्ही दोघी दळण घेऊन गेलो, तर अक्का गिरणीच्या दारातच थबकल्या. "ह्याचा चौथा ठोका लंगडतोय. पट्टा बघ बाबा."

गिरणीवाला हसला. "मावशी, गिरणी हाय ही, बँडबाजा न्हाई."

तिसऱ्या दिवशी पट्टा सांध्यातच तुटला. तेव्हापासून अक्का दिसल्या की तो आधी विचारतो, "मावशी, बराबर चालूय का?" त्या डोळे मिटून ऐकतात. मान हलली, तरच तो पुढची जवारी ओततो.

भाकरी त्यांची सोळा थापांत गोल. सतरावी थाप लागली तर मोडून पुन्हा गोळा करतात. एका लग्नात बँडवाला मागं पडला, तर या पंगतीतून उठल्या आणि उष्ट्या हातानंच त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बिचारा ताळ्यावर येईस्तोवर हलल्या नाहीत.

असल्या बाईकडं मी त्रेसष्टाव्या वर्षी शिकायला गेले. आमच्या लहानपणी लेझीम पोरांच्या हातात, आमच्या हातात खुरपं. एकदा तरी जयंतीच्या मिरवणुकीत रांगेत नाचावं, एवढीच हौस. पण माझा हात सदा उशिरा.

"इंदे, तुझा हात बीडला जाऊन येतो का गं?"

मिरवणूक चार दिवसांवर आली आणि त्यांनी मला रांगेतून काढलं. "उशिराला माफी न्हाई."

संध्याकाळी मी विनवणी करायला त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत लोखंडी पलंगावर त्यांची जाऊ, राही. तीन वर्षांपूर्वी अर्धांगानं पडली, वाचाही गेली. त्याआधी रांगेच्या पुढं या दोघी असायच्या. एक ते सात अक्कांनी म्हणायचे आणि आठवा राहीनं, खणखणीत. मी स्वतः ऐकलेलं, पण कधी जोडून बघितलंच नव्हतं.

अक्का उशाशी बसून पलंगाच्या दांडीवर बोट वाजवत होत्या. "पाच, सहा, सात." आणि थांबल्या.

राहीचं बोट चादरीवरून उचललं. पडलं. पुन्हा उचललं. बाहेर रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि लांब निघून गेली. चुलीवरचं दूध वर आलं, उतू गेलं, त्याचा वास सुटला. गिरणीला माफ न करणारी ती बाई जागची हलली नाही.

मग राहीचं बोट दांडीवर पडलं, टण्ण.

"हां," अक्का म्हणाल्या. "वक्तावर आलीस बघ."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडं गेली. "तू हितं कावून?"

"काई न्हाई, अक्का."

त्यांनी पदरानं राहीचं तोंड पुसलं. "तुझा हात धडधाकट हाय," माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "तुला माफी न्हाई. उद्या तासभर आधी ये."

आणि बोट पुन्हा दांडीवर ठेवलं.