तात्यांची गरीब होडी

माझ्या नव्या मोटारसायकलीभोवती रंगनाथ तात्यांनी एक चक्कर मारली, सीटवर थाप टाकली आणि गंभीरपणे विचारलं, "लाथ मारती का?"

"तात्या, हिला किक नाहीच. बटण आहे."

"मंग गरीब हाय. ठेवा."

तात्या आमचे शेजारी. घोडेगावच्या बाजारात लोकांना बैल निवडून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या लेखी सृष्टीत दोनच जाती: गरीब आणि मारकी. गरीब म्हणजे शांत, हाताळू देणारी. बँकेचा साहेब, मिक्सर, व्याही, सगळ्यांची वाटणी या दोन दावणींत झालेली. खुद्द तात्या कुठल्या दावणीतले, ते गल्लीला विचारा. त्यांनी घरात "चहा!" म्हटलं की पलीकडच्या आळीत आधण ठेवतात.

तर हे तात्या एका सकाळी दारात उभे. "बाळासाहेब, चला. शिडाची होडी घ्यायचीय."

मी दात घासत होतो. पेस्ट गिळली.

"हिला बसवायचंय. सकाळी जायाचं, दिस मावळायच्या आत घरी."

"काकू बसतील?"

"त्योच तर पेच हाय. पान्याला लई भेती. एकदा बिचकली की पुन्हा काठालाबी यायची न्हाई."

"मग इंजिनाची घ्या की."

"मागं नेलती तसल्या होडीत. त्यो होडीवाला सारखा, 'आजी, झालं का? आजी, झालं का?'"

"काय झालं का?"

तात्यांनी टोपी सारखी केली. "चला तुमी."

जायकवाडीच्या फुगवट्याच्या काठी नगरच्या एका हौशी साहेबांच्या तीन होड्या विकायला होत्या. पहिली पांढरी, सडपातळ, चकचकीत. साहेब म्हणाले, "वाऱ्यासारखी पळते!"

"थांबती का?"

"अहो, शर्यतीची आहे!"

"मारकी," तात्या माझ्या कानात म्हणाले. म्हणजे काठावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

दुसरीच्या कडेवर त्यांनी पाय दिला. ती कलली आणि धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. "अंग टाकती. नगं."

तिसरी जुनी, रुंद बुडाची, रंगाचे पोपडे निघालेली, शिडाला ठिगळ. तात्यांनी तिच्या पोटाखालून हात फिरवला. मग साहेब त्यांना घेऊन पाण्यात गेले. थोडं अंतर जाऊन त्यांनी होडीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, शिडाची दोरी सैल सोडली. शीड नुसतं फडफडलं आणि होडी जागच्या जागी उभी राहिली.

"बाळासाहेब!" पाण्यावरून आरोळी आली. "कासरा सोडला तरी उभी राह्यली! गरीब हाय!"

"गरीब?" काठावर आल्यावर साहेब जरा दुखावले. "सागवानी आहे हो."

आता भाव. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून सांगायचा. तात्यांनी हातावर उपरणं टाकून तो पुढे केला. साहेबांना वाटलं, काय ही गावाकडची रीत! भारावून त्यांनी तात्यांची पाचही बोटं धरली आणि हात मनापासून वरखाली हलवला. हलवतच राहिले.

तात्या घामाघूम. "आवं, एक भाव सांगा की! क्षनात वर, क्षनात खाली!"

शेवटी मी मध्ये पडलो. व्यवहार तोंडाने झाला, आणि तेवढा वेळ तात्या लाजून भलतीकडे बघत होते.

पुढे कित्येक दिवस ते होडी शिकले. सुकाणूला शेपूट म्हणायचे, वळताना "हो, हो, हो" करायचे. होडी वळायची.

मग काकूंचा दिवस आला. वजन सारखं राहावं म्हणून मलाही घेतलं होतं. काकूंनी होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "गरीब हाय ना?"

"तुझ्यावानी."

"मंग तुमीच बिचकाल," म्हणाल्या, आणि डोळे घट्ट मिटून बसल्या.

बऱ्याच आत गेल्यावर तात्यांनी होडी वाऱ्याकडे वळवली, दोरी सोडली. होडी उभी राहिली. काकूंनी डोळे उघडले. पलीकडची टेकडी बघितली, अलीकडचं चिंचेचं झाड बघितलं, मनाशी काही जुळवलं आणि पाण्यात खाली बोट दाखवलं.

"हितं आमचा पार. आन् ह्यो त्याच्या मागं आमचा गुरांचा वाडगा."

तेव्हा मला समजलं. धरण भरलं तेव्हा काकूंचं माहेर या पाण्याखाली गेलं होतं.

तात्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. उपरणं खांद्यावर नीट घेतलं. पाय पोटाशी घेऊन, खाली बघत बसून राहिले.

"तात्या, इथं पाणी किती खोल–"

"हळू बोला," तात्या कुजबुजले. मी त्यांना कुजबुजताना प्रथमच ऐकत होतो. "सासुरवाडी हाय."

काकूंनी कडेवरून हात खाली सोडला आणि पाण्यात तसाच ठेवला. शीड फडफडत होतं. खूप वेळाने त्यांनी ओला हात पदराला पुसला. "चला आता. तुमाला उशीर व्हत आसंल."

"बस गं," तात्या तितक्याच हळू म्हणाले. "आत्ताच तर आलीस."