निरभ्र आभाळातला सोळा मिलिमीटर पाऊस

हिंगोली जिल्ह्यात तपास करणारी डोकी दोनच, आणि त्यातलं दुसरं पोलिसांचं, असं प्रेमानंद खिल्लारे स्वतःच सांगत. कळमनुरीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. माणूस खिडकीशी आला की तो सेनगावला निघालाय की नांदेडला, हे आपण नुसत्या चपलेवरून ओळखायचो, असा त्यांचा दावा होता. त्या माणसाने आधी "सेनगावची गाडी कधी हाय?" असं विचारलेलं असायचं, एवढा तपशील मात्र ते सांगताना गाळत.

अबूबकर टेलरची मदतनीस म्हणून नेमणूक झाली ती त्याच्याकडे टेप होती म्हणून. मत त्याला कोणी विचारत नसे. "अंदाज मी बांधणार, तू टेप धर," हा नियम पहिल्याच दिवशी ठरला होता. लग्नसराईतले ब्लाउज मशीनवर तसेच टाकून तो बिचारा पावलांचे ठसे मोजत हिंडायचा. बायको बोलायची, गिऱ्हाईकं बोलायची, आणि दोघांचंही बरोबर आहे हे त्याला कळायचं.

यंदाचं प्रकरण मात्र खरोखरच अवघड होतं. शाळेच्या मैदानात पाऊस मोजायचं यंत्र बसलं होतं. विज्ञानाच्या शीतल मॅडमनी अकरा अर्ज करून ते आणलं होतं. हवामान बदलतंय, एका शिवारात धो धो आणि शेजारच्यात धूळ, हे शास्त्रज्ञांना गावोगाव मोजायचं होतं. आजवर गावाचा पाऊस बावीस किलोमीटरवर मोजला जायचा. तिथं पडला की हे गाव कागदावर ओलंचिंब, आणि इथं पिकं करपलेली. मॅडमना ते बघवत नव्हतं.

आता भर मे महिन्यात, आभाळात बोटभर ढग नसताना, यंत्र रोज सकाळी सव्वासहाला सोळा मिलिमीटर पाऊस नोंदवत होतं. शाळेला सुट्टी, मॅडम कळमनुरीत घरी बसून मोबाईलवर आकडे बघत होत्या. पंचवीस दिवस झाले. शेवटी शास्त्रज्ञांचा निरोप आला की यंत्राचा भरवसा नाही, सोमवारी येऊन ते हट्टा गावाला हलवतो. शुक्रवारी मॅडम गावात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. खिल्लारे काकांकडे त्या गेल्या, कारण बाकी कोणाकडे जाण्यासारखं उरलंच नव्हतं.

काकांनी पेपरातल्या विज्ञानाच्या कात्रणांची फाईल उघडली. चंद्रावर बर्फ सापडलंय, हे त्यांना पाठ होतं. मे महिन्यात ते पाघळणारच, आणि सव्वासहाला चंद्र नेमका शाळेवर येत असणार. मॅडमनी चंद्राच्या वेळा रोज बदलतात असं नम्रपणे सांगितलं, तेव्हा काकांनी चंद्राला सोडून विमान धरलं. नांदेडकडे जाणाऱ्या विमानात कोणीतरी रोज त्याच वेळी आंघोळ करत असलं पाहिजे. सव्वासहाला विमानच नसतं असं निघाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि यात हट्टेकरांचा हात आहे असं जाहीर केलं. अबूबकरने टेप गुंडाळली. त्याची मुलगी कहकशा याच मॅडमच्या वर्गात होती आणि जूनपासून रोजचा पाऊस फळ्यावर मीच लिहिणार म्हणून महिनाभर नाचत होती.

शनिवारी पहाटे पाच वाजता दोघं मैदानातल्या कडुलिंबाआड दबा धरून बसले. काका दुर्बीण लावून आभाळ बघत होते. पाऊस वरूनच येतो, त्यामुळे खाली बघायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कोण आलं कोण गेलं ते वहीत लिहायचं काम अबूबकरकडे होतं, पण काका सांगतील तेवढंच. काकांच्या पत्नी पद्माबाई चहा घेऊन आल्या, दोघांना बशीत चहा दिला, म्हातारपणी असले उद्योग सुचतात म्हणून नवऱ्याला सुनावलं आणि परत गेल्या. नेहमीप्रमाणे सव्वासहाला पाऊस पडला. दोघं कोरडे ठणठणीत होते.

"पाऊस अदृश्य हाय," काका म्हणाले.

मोबाईलवर आकडा बघून मैदानात आलेल्या मॅडमनी वही मागितली. सहा वाजता शेळी. सहा दहाला दूधवाला. सव्वासहाला चहा. त्यापुढे काही नव्हतं.

"काका, चहा चालत आला का?"

"चहा घरचा हाय, मॅडम. घरच्या माणसाची नोंद कोण करतं?"

आता मात्र अबूबकरला राहवलं नाही. नियम मोडून तो म्हणाला, "काकूंच्या हातात तांब्या व्हता. यंत्रापाशी थांबल्या व्हत्या. आमी म्हणलं, धूळ पुसून राहिल्या."

पद्माबाईंना बोलावणं गेलं. त्या पदराला हात पुसत आल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "व्हय, रोज अर्धा तांब्या टाकते की. सरकारनं पाखरांसाठी एवढं चांगलं भांडं बसवलं आन् पाणी टाकायचं इसरले. चिमणी काठावर बसून आत बघत व्हती, कोरडं. जीव तुटला माझा. पण लई तहानलेली पाखरं बघा, कितीबी टाका, सकाळी थेंब न्हाई."

"अवं, मग सांगितलं काहून न्हाई?" काका कळवळून म्हणाले.

"तुमी इचारलं काय? अठ्ठावीस वर्षं चौकशीत बसले, घरात कधी केली न्हाई."

काकांनी दुर्बीण गळ्यातून काढून ठेवली, आणि अबूबकरला आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची दया आली.

पाणी पाखरं पीत नाहीत, मोजून झालं की यंत्रच ते खाली सोडतं, हे मॅडमनी पद्माबाईंना समजावलं आणि शास्त्रज्ञांना सगळं खरं खरं कळवलं. सोमवारी शास्त्रज्ञ आले, पद्माबाईंच्या हातून अर्धा तांब्या पाणी यंत्रात घालून घेतलं आणि आकडा बघून बराच वेळ हसले. सोळा. यंत्र चोख होतं, आणि पद्माबाईंचा हात त्याहून चोख. यंत्र हट्ट्याला गेलं नाही. कहकशाने त्याच दिवशी फळा पुसून ठेवला.

मंगळवारी सकाळी अबूबकर मैदानावरून चालला होता. लिंबाला पाखरांच्या पाण्यासाठी मातीचं परळ टांगलेलं होतं आणि खाली काका वही घेऊन बसले होते. त्याने डोकावून पाहिलं. सहाला शेळी होती, सहा दहाला दूधवाला होता. आणि सव्वासहापुढे, वळणदार अक्षरात, कळमनुरीच्या पाटीवर गाड्यांची नावं लिहावीत तसं ठळक लिहिलं होतं: पद्माबाई.