पाऊण इंच

डेस्मंड ट्रँटरने भर बाजारचौकात पहिला गिअर टाकला आणि गाडी अशी किंचाळली की खाटकाच्या दुकानातल्या सगळ्या रांगेने एकदम माना वळवल्या. इंग्लंडमधलं आमचं लडलो गाव सभ्य आहे. सगळ्यांनी आभाळाकडे बघून पावसाचा विषय काढला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, हिलरीने, मात्र डोक्यावरचा स्कार्फ नाकापर्यंत ओढला.

"मला इथेच उतरव," ती म्हणाली.

"अगं, घर दीड मैल आहे अजून!"

"म्हणूनच म्हणते. वाटेत अजून तीन चौक आहेत."

डेस्मंड हा शाळेतला सुतारकामाचा निवृत्त मास्तर. हिरवी, उघड्या टपाची, दोन माणसांची ती जुनी गाडी म्हणजे त्याचा जीव. हिवाळाभर ती चादरीखाली झोपलेली असे. ईस्टरला बाहेर काढली तेव्हापासून उभ्या जागी गिअर टाकला की घरघर, किंकाळी आणि मग धक्का. पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. लग्नानंतर ते दोघं अशाच एका मागून आणलेल्या गाडीतून वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीच्या समुद्रावर गेले होते. त्या शनिवारी पुन्हा तसंच जायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. नेमकी त्याच दिवशी चर्चच्या गायनमंडळाची बसही तिथेच निघणार होती, आणि हिलरी त्या मंडळात एकवीस वर्षं गात होती.

"हे बघ डेस," रात्रीच्या जेवणाला तिने निकाल दिला, "आदल्या शुक्रवारी ही गाडी न ओरडता चौकाला फेरी मारून आली, तर मी तुझ्याबरोबर. नाहीतर मी बसने."

"ठरलं!" डेस्मंड म्हणाला. त्याने काटा असा खाली ठेवला की बशीतला वाटाणा उडाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र विल्फ हजर झाला. विल्फने तीस वर्षं बसडेपोत यंत्रं दुरुस्त केली होती, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्याला बसपेक्षा सोपी वाटे.

"आतली गिअर जुळवणारी पितळी कडी झिजलीत," गाडीला हातही न लावता तो म्हणाला. "गिअरबॉक्स काढू या."

या जातीच्या गाडीचा गिअरबॉक्स खालून निघत नाही. सीटा काढा, गालिचा काढा, मधलं कवच काढा आणि मग ते धूड पोटाशी धरून दारातून बाहेर आणा. दोघांच्या वयाची बेरीज एकशे पस्तीस. चार दिवस त्यांच्या गुडघ्यांचा आवाज गिअरपेक्षा मोठा येत होता. नवी कडी बसली, गिअरबॉक्स आत गेला, सीट आवळली आणि विल्फने गल्लीत फेरी मारली. गाडी लोण्यासारखी चालली!

डेस्मंड शिस्तीचा माणूस. अर्धवट उघडी गाडी बायकोला दाखवणं त्याला पटेना. त्याने गालिचा नीट अंथरला, कडा चिकटवल्या, आणि ऐटीत चौकात गेला. चौकात गाडी किंचाळली.

"कडी खराब निघाली," विल्फ म्हणाला. "पुन्हा काढू."

पुन्हा सीटा, पुन्हा गालिचा, पुन्हा ते धूड. या वेळी क्लचची तबकडीही बदलली. गल्लीत गाडी गप्प. गालिचा अंथरून, धुऊनपुसून चौकात नेली, तर पुन्हा तेच.

"लेका, या गाडीला गर्दीची भीती वाटते," विल्फ हताश होऊन म्हणाला. "माझी एक बस होती अशी."

"भीती असेल तर घालवू," डेस्मंड म्हणाला. "पण हात टेकणार नाही मी."

गुरुवारी विल्फ पाठ शेकत घरी पडला होता. डेस्मंड एकटाच गाडीत बसला आणि त्याने मास्तरकीच्या सवयीने लाकडी पट्टी काढली. जे मोजलं नाही ते खरं नाही, असं तो मुलांना सांगायचा. क्लचचं पेडल किती खाली जातं ते त्याने मोजलं. मग गालिचा उचलून पुन्हा मोजलं. पाऊण इंचाचा फरक!

ईस्टरच्या आधी जिन्याला नवा लोकरी गालिचा घातला होता. उरलेला तुकडा टाकून देणं आमच्याकडे पाप समजतात, म्हणून त्याने तो खाली जाड नमदा घालून स्वतः गाडीत बसवला होता. पेडल त्यावर टेकत होतं आणि क्लच पुरता सुटत नव्हता. दोन वेळा गिअरबॉक्स काढला, आणि दोन्ही वेळा दुखणं स्वतःच्या हातांनी परत अंथरलं होतं.

त्याने सुरी आणली, पेडलखालचा हातभर चौकोन गुपचूप कापला आणि विल्फला फोन केला.

"तुझी कडी बसली रे जागेवर!"

"सांगत होतो की नाही?" विल्फ एवढ्या जोरात म्हणाला की पाठदुखी गेलीच असावी. खरं सांगायचं धैर्य डेस्मंडला झालं नाही.

शुक्रवारी गाडी चौकात मांजरासारखी फिरली. बेकरीच्या दारात हिलरी गायनमंडळातल्या बेरिलबरोबर उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या. जरा उशिरा वाजवल्या, पण वाजवल्या.

शनिवारी ते निघाले. वेल्सच्या डोंगरात वारा कानशिलं फोडत होता, आणि पाऊस पडावं की नाही या विचारात तोंडावर शिंपडत होता. पुढेच गायनमंडळाची बस चालली होती. तिच्या खिडक्यांतून गाणं येत होतं, आणि हिलरी ओठ न हलवता आपला सूर गुणगुणत होती. अकरा मैल तिची नजर बसच्या मागच्या काचेवरून हटली नाही.

"मजा येतेय ना?" डेस्मंडने ओरडून विचारलं.

"छानच!" फसलेल्या केकला आमच्याकडे म्हणतात, त्याच सुरात ती म्हणाली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. अट तिने घातली होती ती गाडी सुधारणार नाही या खात्रीने. आता दिलेला शब्द ती दात आवळून पाळत होती. त्याला वाईट वाटलं. दोन आठवडे गुडघे झिजवून त्याने बायकोची सहल मोडली होती.

डोंगरमाथ्यावर चहाला बस थांबली, तेही थांबले. निघताना डेस्मंडने क्लच मुद्दाम अर्धाच दाबला आणि गिअर ढकलला. गाडी अशी किंचाळली की मेंढ्या पांगल्या.

"अरेरे!" हिलरी म्हणाली. "पुन्हा?"

"पुन्हा. पुढे उतार आहे, मी सावकाश येतो. तू हवं तर बसने..."

त्याचं वाक्य संपायच्या आत ती डबा घेऊन बसच्या पायरीवर होती. बेरिलने तिला आत ओढलं. डेस्मंड एकटाच मागून निघाला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्याने शक्यतो पाहिलं नाही.

अ‍ॅबरडोव्हीच्या धक्क्यावर हिलरी चहाचे दोन पेले घेऊन उभी होती. गाऊन गाऊन तिचा चेहरा लाल झाला होता.

"गाडी काय म्हणते?"

"आली कशीबशी."

"कशीबशी? मी मागच्या काचेतून बघत होते. गावात शिरताना गर्दीत चार वेळा थांबलास, चार वेळा निघालास. हूं की चूं नाही."

डेस्मंडने चहात तोंड घातलं.

"परत जाताना मी तुझ्याबरोबर येणार आहे," हिलरी म्हणाली.

"पण तुझं गाणं?"

"परतताना त्या सगळ्या घोरतात," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून समुद्राकडे वळली.